गल्ला भरला म्हणजे कमाई झाली का?

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीत इमारतींच्या तळमजल्यावरचे गाळे पाहत गेलं, तर किराणा आणि मेडिकलच्या शेजारी दवाखान्याची पाटी हटकून दिसते. फॅमिली डॉक्टर असो की दंतवैद्य, बहुतेक जण स्वतःच मालक आणि स्वतःच कारभारी. वैद्यकीच्या अभ्यासक्रमात जमाखर्च शिकवत नाहीत. मग पैशाचं ज्ञान मित्रांकडून, विमा एजंटकडून आणि मार्चअखेर सीएच्या फोनवरून मिळतं. त्यातून पक्के झालेले काही समज तपासून पाहू.

गैरसमज १ : रोजचा गल्ला म्हणजे माझी कमाई.

वस्तुस्थिती : गल्ल्यातल्या पैशाला वाटेकरी आधीच ठरलेले असतात. गाळ्याचं भाडं, रिसेप्शनिस्टचा आणि मावशींचा पगार, लॅबचं बिल, यंत्राचा हप्ता आणि आयकर. त्यात जमा दर महिन्याला सारखी नसते. मे महिन्यात निम्मी कुटुंबं गावी जातात. पावसाळ्यात तापाच्या रुग्णांनी ओपीडी भरते, पण रस्त्यावर पाणी तुंबलं की शटर खाली. भाडं आणि पगार मात्र थांबत नाहीत. म्हणून रोख असो वा यूपीआय, सगळी फी दवाखान्याच्या चालू खात्यात जावी आणि घरासाठी तिथून दरमहा ठरलेली रक्कमच निघावी. ही रक्कम भरभराटीच्या नव्हे, पडत्या महिन्याकडे पाहून ठरवावी. उरलेल्यातून करासाठी वेगळं काढावं आणि किमान तीन महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवावा.

गैरसमज २ : ‘४४एडीए’ घेतलं की अर्धी फी सुटली, हिशेबाची कटकट संपली.

वस्तुस्थिती : वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल, किंवा रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत ठेवून ७५ लाखांपर्यंत असेल, तर जमेच्या निम्मी रक्कम नफा धरून कर भरता येतो. १९६१ च्या कायद्यातलं हे ४४एडीए कलम. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात क्रमांक बदलला, तरतूद राहिली. पण प्रत्यक्ष नफा ७० टक्के असेल तर निम्माच दाखवून चालत नाही, निम्मा ही किमान मर्यादा आहे. उलट भाडं, लॅब आणि पगार यांतच ६० टक्के जात असतील, तर या सवलतीत तोटा आहे. तेव्हा खरा, कमी नफा दाखवता येतो. मात्र एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेवर असेल तर हिशेबवह्या आणि लेखापरीक्षण लागतं. दोन्हींपैकी काय परवडेल, हे कळायलाही आधी हिशेब हवाच.

गैरसमज ३ : हॉस्पिटलने टीडीएस कापलाय, आता कर भरायचा नाही.

वस्तुस्थिती : व्यावसायिक फीवर टीडीएस साधारण १० टक्के कापतात. तुमचा टप्पा ३० टक्क्यांचा असेल तर मोठी रक्कम बाकीच राहते. टीडीएस वजा जाता देय कर १०,००० रुपये किंवा अधिक असेल तर आगाऊ कर लागतो. निम्मा नफा धरणाऱ्यांनी तो १५ मार्चपर्यंत एकरकमी भरायचा. इतरांसाठी जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखा. चुकलं तर दरमहा १ टक्का दराने व्याज.

गैरसमज ४ : मार्चमध्ये मशीन घेतलं की कर वाचतो.

वस्तुस्थिती : १० लाखांचं यंत्र मार्चमध्ये घेतलं, तर १० लाख खर्च म्हणून एकदम वजा होत नाहीत. सर्वसाधारण यंत्रावर घसारा १५ टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्याच्याही निम्मा. म्हणजे यंदाची वजावट ७५,००० रुपये आणि ३० टक्के टप्प्यात वाचलेला कर, सेस सोडून, २२,५००. जमेच्या निम्मा नफा धरणाऱ्याला तर घसाऱ्याची वेगळी वजावटच नाही. यंत्र घ्यावं ते रुग्णांची गरज आणि हप्ता पेलण्याची ताकद पाहून.

गैरसमज ५ : डॉक्टरांचा जीएसटीशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : उपचारांना सूट आहे. केवळ सौंदर्यासाठी केलेलं केशरोपण किंवा कॉस्मेटिक सर्जरी त्या सुटीत बसत नाही. आणि नोंदणीसाठीची २० लाखांची मर्यादा मोजताना सूट असलेली फीसुद्धा धरतात. त्वचारोगतज्ज्ञाची एकूण जमा २५ लाख आणि त्यात करपात्र काम फक्त २ लाखांचं असलं, तरी नोंदणी घ्यावी लागते. कर मात्र त्या २ लाखांवरच.

गैरसमज ६ : इंडेम्निटी पॉलिसी आहे, दवाखाना सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती : इंडेम्निटी ही उपचारातल्या कथित हलगर्जीपणाच्या दाव्यांसाठी असते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सशुल्क सेवा ग्राहक कायद्याखाली असल्याचं स्पष्ट केलं, तेव्हापासून तिची गरज आहेच. पण जुलै २०१८ सारखा पाऊस झाला, ज्यात वसई-विरारचा मोठा भाग पाण्यात होता, तर तळमजल्यावरच्या एक्स-रे मशीनची भरपाई त्या पॉलिसीतून मिळत नाही. त्यासाठी मालमत्तेचा वेगळा विमा लागतो. २०२१ पासून मिळणारी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी असून तिच्यात पूर धरलेला आहे.

गैरसमज ७ : प्रॅक्टिस हीच माझी पेन्शन.

वस्तुस्थिती : नोकरदाराला पीएफ आणि ग्रॅच्युइटी असते, दवाखानावाल्याला दोन्ही नाहीत. गाळा भाड्याचा असेल तर विकायला उरतं जुनं फर्निचर. रुग्ण येतात ते ‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ म्हणून, आणि तो गुण नव्या डॉक्टरच्या नावावर करून देता येत नाही. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येतात, मुदत १५ वर्षं. जोडीला एनपीएस आहे. पंचेचाळिशीत सुरुवात केली तर पीपीएफ साठीला हाती येतो. पन्नाशीत केली तर पासष्टीपर्यंत ओपीडी सुटत नाही.