खांदेरीला होडीच लागते

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले आणि अलिबागजवळच्या थळसमोरचे खांदेरी बेट एकाएकी चर्चेत आले. आता गर्दी वाढणार, आणि गर्दीमागून मोठे जहाज, मोठी जेटी ही मागणीही येणारच. पाणी म्हटले की भंडारदऱ्याच्या कालव्याचे आवर्तन आठवणाऱ्या श्रीरामपुरातून समुद्राविषयी मत देणे जरा धाडसाचे आहे. तरीही गेल्या साडेतीनशे वर्षांकडे पाहता हे बेट लहान होडीचेच ठरते. १६७९च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडाऱ्याने इथे तटबंदीला हात घातला. मुंबईकर इंग्रजांना ते खपणे शक्य नव्हते. त्यांनी ‘रिव्हेंज’सारखे तोफांचे जहाज आणून नाकेबंदी केली. मोठ्या जहाजाला मात्र वारा लागतो आणि खोल पाणी लागते. मराठ्यांच्या लहान नौका वल्ह्यांवर वाऱ्याच्या तोंडावर जात, रात्री बेटावर रसद उतरवत आणि पाठलाग झालाच तर नागोठण्याच्या खाडीच्या उथळ पाण्यात शिरत. त्या ऑक्टोबरात मराठ्यांच्या दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांचे एक गुराब जहाजही पकडले. पुढल्या वर्षाच्या आरंभी इंग्रजांनी तह केला. पलीकडच्या उंदेरी बेटावर जंजिऱ्याचा सिद्दी येऊन बसला, तो सल वेगळा.

पुढे १८१८मध्ये खांदेरी इंग्रजांकडे गेली आणि १८६७मध्ये तिथे दीपगृह उभे राहिले. दीपगृहाचा अर्थच असा की मोठ्या जहाजांनी या खडकांपासून लांब राहावे. ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबई-गोवा धावू लागलेल्या ‘आंग्रिया’ क्रूझला मराठा आरमाराच्या आंग्र्यांचे नाव मिळाले, पण आंग्र्यांची बेटे तिच्या प्रवाशाला कठड्यावरूनच पाहायची होती. खांदेरीवर चाकांच्या गाड्यांवरच्या लोखंडी तोफा आहेत, दगडाने ठोकताच धातूसारखा वाजणारा खडक आहे, कोळ्यांचा वेताळ आहे. हे सारे पायी हिंडणाऱ्याचे आहे. जेवणाचेही तेच. मोठे जहाज आपला भटारखाना बरोबर आणते. होडीने आलेला माणूस थळला परततो आणि तांदळाची भाकरी, बोंबील, जवळा आणि अलिबागचा गोडसर पांढरा कांदा खातो. (नगर जिल्ह्यातल्या वाचकाने कांद्यावरून वाद घालू नये, तो माळेत विणून विकतात.) म्हणजे पैसाही किनाऱ्यावरच्या चुलीपाशी राहतो.

लहान होडी धोक्याची, हा आक्षेप हलका नाही. डिसेंबर २०२४मध्ये घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळून पंधरा जण गेले. पण १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर काश्या खडकाजवळ उलटलेली, सहाशेंवर माणसे घेऊन गेलेली ‘रामदास’ होडी नव्हती, चांगली आगबोट होती. तिथे घात केला तो ऐन पावसाळ्याने आणि गर्दीने. तेव्हा मोजणी हवी ती माथ्यांची, जॅकेटांची आणि हवामानाची. बोटीची लांबी वाढवून ती टळत नाही. मार्च २०२०पासून मांडव्याला रो-रो बोट जाते हे खरे, पण त्यासाठी तिथे लाटा अडवणारा बांध घालावा लागला. तसाच बांध खांदेरीच्या खडकांत घातला, तर ज्या उथळ, अडचणीच्या पाण्यामुळे बेट राखता आले तेच बुजेल. उरला पावसाळा. त्या महिन्यांत थळच्या होड्या शाकारून किनाऱ्यावर असतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत प्रवाशांनी थांबावे.