कोपराचा काटकोन

गुलमर्गच्या बाजारात स्कीचं सामान भाड्याने घेताना बूट निवडण्यात अर्धा तास सहज जातो, स्कींच्या लांबीवर वाद होतो, आणि काठ्या मात्र कोपऱ्यातल्या जुडग्यातून उपसून हातात कोंबल्या जातात. गिऱ्हाईकही हरकत घेत नाही. काठीत काय निवडायचं!

चांगला दुकानदार एवढ्यावर सोडत नाही. मी ज्याच्याकडे बसून होतो तो प्रत्येकाला म्हणायचा, "स्टिक उलटी पकड़िए." बूट चढवून सरळ उभं राहायचं, मूठ जमिनीवर टेकवायची आणि वर आलेल्या टोकाजवळच्या चकतीखाली धरायचं. कोपर काटकोनात आलं की माप जमलं. चकतीच्या पुढचं टोक बर्फात रुतणार, म्हणून तेवढी लांबी धरायचीच नाही. हिशेबाने काढायचं तर उंचीला 0.7 ने गुणा. 170 सेंटिमीटर उंचीला 119 येतात, म्हणजे 120 ची काठी. काठ्या बहुधा पाच-पाच सेंटिमीटरच्या फरकाने मिळतात. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर धाकटी घ्या, असं माझं मत.

कारण लांब काठी हात वर ढकलते, खांदे मागे जातात आणि वजन टाचांवर येतं. वजन टाचांवर गेलं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात आणि वळायचं नाव घेत नाहीत. फार आखूड काठीने माणूस कमरेत वाकतो, तेही वाईटच. पण पाच सेंटिमीटरचं आखूडपण निभावतं. सह्याद्रीत ट्रेकिंग पोल वापरलेल्यांना हे पटायला वेळ लागतो. उतारावर पोल लांब करून त्यावर भार टाकायची त्यांना सवय असते. इथे काठीवर भार टाकायचाच नाही. वळणाच्या क्षणी उताराकडच्या हाताने बर्फाला नुसता स्पर्श करायचा, त्या ठेक्यावर शरीर वळतं. म्हणून तर बरेच प्रशिक्षक नवशिक्यांना आधी काठीविनाच उतारावर सोडतात.

धातूचा प्रश्न सोपा आहे. अमेरिकेत सन व्हॅलीच्या एड स्कॉटने 1958 मध्ये निमुळती अ‍ॅल्युमिनियमची काठी आणली आणि बांबू, पोलाद मागे पडलं. आता कार्बनच्याही मिळतात; हलक्या, महाग. पण अ‍ॅल्युमिनियम वाकतं, कार्बन तुटतो. शिकाऊ माणूस काठीवर पडणारच, तेव्हा अ‍ॅल्युमिनियम घ्यावं आणि उरलेले पैसे बुटांवर घालावेत. शिवाय लांब झालेली काठी कापता येते: मूठ गरम पाण्याने सैल करून काढायची, नळी करवतीने कापायची, मूठ परत ठोकायची.

दुकानात कधी वाकड्या काठ्याही दिसतात. त्या जायंट स्लॅलमच्या. खेळाडू वाकून सुसाट सुटतो तेव्हा त्या अंगाला लपेटून राहतात. इथल्याच आरिफ खानने 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्या शर्यतीत 45वा क्रमांक मिळवला. हौशी माणसाला त्यांचा काही उपयोग नाही.

चकती मात्र जरूर बघावी. दाबून सपाट केलेल्या उतारावर छोटी चालते. पण गोंडोलाने अफरवटवर, जवळजवळ 4,000 मीटरवर, जायचं असेल तर रुंद चकतीच हवी, नाहीतर भुसभुशीत बर्फात काठी मुठीपर्यंत आत जाते. पट्ट्यात हात खालून वर घालायचा आणि पट्ट्यासकट मूठ धरायची. झाडीत शिरताना किंवा हिमकडा कोसळण्याची भीती असलेल्या उतारावर मात्र पट्टा मनगटात नको. अडकलेल्या काठीबरोबर खांदाही ओढला जातो.