सेल्फ काय म्हणतो ते ऐका

थंडी पडली की गटांचे फोन कर्जाच्या हप्त्यापेक्षा गाडीसाठी जास्त येतात. पहाटे ४ वाजता वांग्याचे कॅरेट भरून तयार, भंडाऱ्याच्या मंडीत लिलावाआधी पोचायचे, आणि जुनी डिझेल पिकअप सुरू व्हायला तयार नाही. उशिरा पोचलेल्या मालाचा भाव काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. मग कोणीतरी म्हणतो, "बॅटरी गेली, नवी टाका." हजारो रुपये जातात आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा तशीच उभी. कोंढा आणि आसपासच्या गावांतल्या गटांबरोबर बसून आम्ही जे शिकलो, ते आज सांगतो.

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी ठिणगी लागत नाही. आतली हवा इतकी दाबली जाते की तीच तापून डिझेल पेटवते. त्यासाठी इंजिन जोरात फिरायला हवे, आणि ते फिरवतो सेल्फ. त्या दोन-चार सेकंदांत तो बॅटरीतून शेकडो अँपिअर ओढतो. एवढा प्रवाह जायला तार जाड आणि सांधा स्वच्छ लागतो. बरेचसे दुखणे इथेच असते.

हा सेल्फ आला १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत. चार्ल्स केटरिंग यांनी तो बनवला. त्याआधी पुढून हँडल मारावे लागे, आणि ते उलटले तर मनगट मोडायचे. सेल्फमुळे बायकांना गाडी चालवणे किती सोपे झाले, याचा विचार आपणही कधी करत नाही.

बोनेट उघडण्याआधी गिअर न्यूट्रलमध्ये टाका, हँडब्रेक ओढा. धातूच्या बांगड्या, कडे, अंगठी काढून ठेवा, मंगळसूत्र आत खोचा. बॅटरीचा प्लस आणि गाडीचा पत्रा यांना बांगडी एकदम टेकली तर ती क्षणात तापून हात भाजते. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ काडी किंवा बिडी नको.

आता हेडलाइट लावा, एकीला समोर उभी करा आणि चावी फिरवा. दिवे एकदम मंदावले आणि सेल्फ टकटकटक करतो किंवा रडत रडत फिरतो, तर बॅटरी उतरली आहे किंवा सांधे खराब आहेत. दिवे तसेच राहिले आणि एकच जोराचा 'टक' आला, तर वीज सेल्फच्या दारापर्यंत पोचली, आत गेली नाही. तेव्हा सोलेनॉइड किंवा सेल्फचे कार्बन पाहायचे. दिवे तसेच आणि आवाजच नाही, तर चावीचा स्विच, रिले, फ्यूज किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक तार. धान भरलेल्या जागेजवळ गाडी उभी असेल तर आधी उंदरांनी तार कुरतडली का ते बघा. आणि सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, भानगड पुढे आहे.

सांध्यांबद्दल जरा जास्त बोलू. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-निळसर पूड जमते. आधी मायनसची तार काढायची, मग प्लसची. लावताना उलट, मायनस शेवटी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पूड धुवा, पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. कोरडे करा, पॉलिश पेपरने चमकवा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन. खर्च दहा-वीस रुपये. मायनसची जाड तार इंजिनाला आणि चेसिसला जिथे बसते, ती जागा मात्र सगळे विसरतात. तिथे गंज आणि माती साचते. सेल्फ मारून झाल्यावर चावी बंद करून प्रत्येक सांध्याला जपून हात लावा. जो गरम लागेल तो चोर.

गटाकडे एक साधा मल्टिमीटर असावाच. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ म्हणजे निम्मी उतरली. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी उतरलेली तरी आहे किंवा थकलेली. आधी चार्ज करून पुन्हा पाहा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत. तेवढे नसतील तर बॅटरी भरतच नाही. पट्टा ढिला आहे का, अल्टरनेटर चालतो का ते बघा. नवी बॅटरी आठ दिवसांत उतरते ती अशी.

सेल्फ जोरात फिरतो आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, म्हणजे डिझेल पोचते पण पेटत नाही. ज्या इंजिनांना हीटर प्लग असतात, तिथे चावी अर्धी फिरवून वेटोळ्याच्या खुणेचा दिवा विझेपर्यंत थांबायचे. घाई करणाऱ्याचीच गाडी अडते. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. अनेक गाड्यांत पंपावर इंधन सोडणारा छोटा सोलेनॉइड असतो. चावी लावली की तिथून बारीक 'टक' ऐकू यायला हवा.

थंडीला आपण शिव्या देतो, पण बॅटरी खरी मरते नवतप्यात. उन्हाने आतले पाणी उडते, प्लेटा उघड्या पडतात, आणि डिसेंबरच्या गारठ्यात ते उघडकीला येते. म्हणून एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी पातळी बघा. घालायचे ते डिस्टिल्ड वॉटरच, विहिरीचे नाही.

स्क्रूड्रायव्हर टेकवून सेल्फ फिरवण्याची कसरत कोणी दाखवली तर हात जोडा. गिअरमध्ये असलेली गाडी अंगावर येते. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडताना प्लस प्लसला, आणि मायनसची दुसरी बाजू आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर.

एवढे करूनही मिस्त्रीला बोलवावे लागले तर "गाडी सुरू होत नाही" एवढेच सांगू नका. "टक एकदाच येतो, दिवे तसेच राहतात, बॅटरी १२.५ आहे" असे सांगा. तो घरून येतानाच सेल्फचे कार्बन घेऊन येईल.