थायरॉईड काढल्यावर ओठांना मुंग्या आल्या तर

थायरॉईडचं ऑपरेशन झालं, टाके सुकायला लागले, दोन-तीन दिवसांत घरी सोडलं. घरी आल्यावर बाई म्हणते, ओठांभोवती मुंग्या येतायत, बोटांची टोकं बधिर वाटतात. घरचे म्हणतात, रक्त गेलंय, अशक्तपणा आहे, चहा-बिस्कीट द्या आणि झोपू द्या. इथंच घात होतो. या मुंग्या बहुतेक वेळा रक्तातलं कॅल्शियम उतरल्याच्या असतात. आणि ते सगळ्यांत जास्त उतरतं ऑपरेशननंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे नेमकं पेशंट घरी आलेला असतो तेव्हा.

असं का होतं? थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी पसरलेली ग्रंथी. तिच्या पाठीला चिकटून मसुराच्या दाण्याएवढ्या बहुधा चार ग्रंथी असतात. त्यांना पॅराथायरॉईड म्हणतात. नाव सारखं असलं तरी त्यांचं काम वेगळं. त्या पीटीएच नावाचं हार्मोन तयार करतात आणि रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. पण दोघींचा रक्तपुरवठा एकाच नळावरचा. थायरॉईड काढताना या चौघींना धक्का बसतो, कधी एखादी गाठीबरोबर निघूनही जाते. सर्जन हुशार असला तरी हे घडू शकतं. बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागतात. काही थोड्या जणांच्या सहा महिने-वर्ष उलटलं तरी लागत नाहीत, मग कॅल्शियमची औषधं कायमची होतात.

कॅल्शियम आणखी उतरलं की हात वळतात. मनगट वाकतं, बोटं ताठ होतात, अंगठा तळहाताकडे ओढला जातो. पायात गोळे येतात. तरी दुर्लक्ष केलं तर फिट येऊ शकते, घसा आवळून श्वास अडकू शकतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी चप्पल हुंगवणारे, नाकाला कांदा लावणारे, ‘बाहेरचं काही असेल’ म्हणणारे अजून आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांना बाजूला करा आणि मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जा. पहिलं वाक्य हेच सांगा: ‘थायरॉईडचं ऑपरेशन झालंय, कॅल्शियम बघा.’ शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं ते हळूहळू आणि हृदयावर लक्ष ठेवून. म्हणून गल्लीतल्या सुईवाल्याकडून ते टोचून घेऊ नका.

आता रिपोर्ट. कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ असावं. पण एक बारकावा आहे. रक्तातलं बरंच कॅल्शियम अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून फिरतं. खाण्यापिण्याची आबाळ किंवा मोठा आजार झालेल्या बाईचं अल्ब्युमिन कमी असतं, तेव्हा कॅल्शियमचा आकडा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून डॉक्टर अल्ब्युमिन बघतात किंवा आयोनाइज्ड कॅल्शियम करायला सांगतात. पीटीएच साधारण १५ ते ६५. ऑपरेशननंतर लगेच केलेलं पीटीएच फारच कमी आलं तर पुढचे दिवस सांभाळायचे आहेत असं समजा. व्हिटॅमिन डी आधीपासून कमी असेल तर कॅल्शियम जास्त उतरतं. आणि मॅग्नेशियम कमी असेल तर गोळ्या घेऊनही कॅल्शियम वर चढत नाही. गोळ्या चालू असून मुंग्या थांबत नसतील, तर मॅग्नेशियम तपासलं का, हे जरूर विचारा.

नाचणी आणि दूध चांगलंच, पण उतरलेलं कॅल्शियम त्यानं भरून येत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या सहसा जेवणाबरोबर, आणि बरोबर कॅल्सिट्रिऑलची कॅप्सूल देतात. बरं वाटलं म्हणून त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, आणि मनाने वाढवायच्याही नाहीत. कॅल्शियम जास्त झालं तर मूत्रपिंडाला त्रास होतो, मुतखडे होतात.

दुसरा आकडा टीएसएच. हा उलटा चालतो, म्हणून घोळ होतो. मेंदूखालची एक ग्रंथी थायरॉईडला हाक मारते, ती हाक म्हणजे टीएसएच. थायरॉक्सिनची गोळी कमी पडली की हाक मोठी होते, आकडा वाढतो. गोळी जास्त झाली की आकडा खाली जातो. साधारण ०.४ ते ४ च्या आसपास ठीक. पण कॅन्सरमुळे ग्रंथी काढली असेल तर डॉक्टर कधी कधी तो मुद्दाम खाली ठेवतात. रिपोर्टवर ‘कमी’चा शिक्का बघून गोळी अर्धी करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी तपासा, त्याआधी खरा आकडा कळत नाही. अर्धीच ग्रंथी काढली असेल तर गोळी लागेलच असं नाही, पण टीएसएच बघत राहावं लागतं.

गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. आणि कॅल्शियम, तसंच अंगणवाडीतून किंवा सरकारी दवाखान्यातून मिळणारी लोहाची गोळी, यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉक्सिन शरीरात नीट शोषलं जात नाही. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात बाटली छताजवळच्या फळीवर ठेवू नका, उष्णतेनं आणि ओलीनं गोळी निकामी होते. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बंद ठेवा आणि लॅबमध्ये सांगा. त्यानं रिपोर्ट खोटे येतात. दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना भेटा, डोस वाढवावा लागतो.

पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर कॅन्सर असेल तर थायरोग्लोब्युलिन ही तपासणी असते. हे प्रथिन फक्त थायरॉईडच्या पेशी बनवतात. सगळी ग्रंथी काढली, आयोडीनचा उपचार झाला, की ते जवळजवळ नाहीसं व्हावं. पुढं ते वाढत गेलं तर कुठंतरी पेशी उरल्यात किंवा परतल्यात का, ते शोधावं लागतं. एका आकड्यानं घाबरू नका. दरवेळी एकाच लॅबमध्ये करा आणि सोबत अँटिबॉडीही तपासा, कारण अँटिबॉडी असतील तर आकडा फसवा येतो.

काही गोष्टी रक्तात दिसत नाहीत. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत, विशेषतः पहिल्या २४ तासांत, गळा एकदम सुजला, आवळल्यासारखा वाटला, श्वास घ्यायला त्रास झाला, तर आत रक्त साचलंय असं समजून नर्सला हाका मारा. घरी असाल तर लगेच परत जा. आवाज घोगरा झाला तर तो स्वरयंत्राच्या नसेला धक्का बसल्यामुळे असू शकतो. अनेकांचा काही महिन्यांत सुधारतो, पण कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. पाणी पिताना ठसका लागत असेल तर थांबू नका.

घरी सोडताना कागदावर चार गोष्टी लिहून मागा: कॅल्शियम आणि पीटीएच किती आलं, पॅराथायरॉईड जागेवर राहिल्या का, ग्रंथी पूर्ण काढली की अर्धी, आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेला. ‘डॉक्टरांना कसं विचारायचं’ असा संकोच नको, तुमच्या अंगाचा हिशोब आहे तो. योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर पुढच्या तपासण्या त्यात येतात का, हे आरोग्यमित्राला आधीच विचारा. बायोप्सीचा कागद यायला काही दिवस लागतात. तो न घेता फाईल बंद करू नका.