देहाचा ताळेबंद आणि तप

परभणी जिल्ह्यात वैशाखाचा पारा ४२ अंशांपुढे जातो आणि त्याच सुमारास अक्षय तृतीयेला वर्षीतपाचे पारणे येते. पुढे चातुर्मासात पर्युषण व दशलक्षण. तप हा आत्म्याचा विषय खरा. परंतु ते घडते देहाच्या आधारे, आणि प्रौढ पुरुषाच्या देहाचे निम्म्याहून अधिक वजन पाण्याचेच असते.

७० किलोच्या पुरुषात सुमारे ४२ लिटर पाणी असते. स्त्रियांत व वृद्धांत प्रमाण कमी. पैकी २८ लिटर पेशींच्या आत, १४ लिटर बाहेर, आणि रक्तद्रव म्हणून वाहणारे जेमतेम ३ लिटर. माल वखारीत, गल्ल्यात रोकड थोडी, असाच हा व्यवहार.

क्षारांची खातीही निराळी. पेशीबाहेर मुख्यतः सोडियम, आत पोटॅशियम. पेशीच्या आवरणातील एक यंत्रणा दर फेरीला ३ सोडियम बाहेर काढते व २ पोटॅशियम आत घेते. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये ती दाखवून दिली. १९९७ च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. जिकडे क्षार दाट, तिकडे पाणी ओढले जाते.

घामाबरोबर सोडियमही जाते. तिविहार उपवासात प्रासुक पाणी मिळते, क्षार मिळत नाहीत. नुसते पाणीच अतिरिक्त प्यायल्यास रक्तातील सोडियम विरळ होते, पाणी पेशींत शिरते व मेंदूला सूज येते. डोकेदुखी, मळमळ, असंबद्ध बोलणे ही त्याची चिन्हे. चौविहारात उलट रक्तद्रवच आटतो. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या वृद्धांना दोन्ही धोके अधिक. त्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

दीर्घ तपानंतरचे पारणेही जपून व्हावे. एकदम गोडधोड खाल्ल्यास इन्सुलिन वाढते, रक्तातील पोटॅशियम व फॉस्फेट पेशींत ओढले जाते आणि हृदयाची लय बिघडू शकते. मुगाचे पाणी थोडे थोडे देण्याची आपल्या घरांतील रीत म्हणूनच शहाणपणाची आहे.

श्वेतांबर परंपरेत पच्चक्खाणाबरोबरच आगार सांगितले आहेत. समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची सवलत त्यांत आहे. तपस्व्याचे बोलणे अडखळू लागले, तर कुटुंबीयांनी ‘थोडेच दिवस राहिले’ असे म्हणू नये. ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे. खरी अनुमोदना तीच.