निष्कासद्रव संवेदक, उत्खनकातील : दोषनिदान

डीझेल एंजिनाच्या निष्कास (बाहेर टाकल्या जाणाऱ्या) वायूतील नायट्रोजन ऑक्साइडे कमी करण्यासाठी जो यूरिया विद्राव वापरतात, त्याची टाकीतील पातळी, तापमान व संहती मोजणाऱ्या साधनांना निष्कासद्रव संवेदक म्हणतात. उत्खनकावर (बोलीभाषेत ‘पोकलेन’, हे नाव फ्रान्समधील पोक्लेन या कंपनीवरून रूढ झाले) हे संवेदक बिघडल्याची सूचना वारंवार आढळते. तथापि सूचनेत संवेदकाचे नाव असले, तरी दोष पुष्कळदा द्रवात, तारांत किंवा जोडणीत असतो. म्हणून संवेदक बदलण्यापूर्वी या तिन्हींची क्रमाने तपासणी करणे, हे दोषनिदानाचे मुख्य सूत्र होय.

भारतात रबरी चाकांच्या बांधकाम यंत्रांसाठी भारत स्टेज (सीईव्ही) मानकांचा चौथा टप्पा १ एप्रिल २०२१ पासून व पाचवा टप्पा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. चौथ्या टप्प्यात ५६ ते ५६० किवॉ. शक्तीच्या एंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा दर किवॉ. तासास ०·४ ग्रॅ. एवढी कमी असल्यामुळे या एंजिनांत निवडक उत्प्रेरकी क्षपणाची यंत्रणा सामान्यतः बसवितात. साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या सर्वच उत्खनकांत ती असते असे नाही.

रचना व कार्य : द्रवात ३२·५ टक्के शुद्ध यूरिया व उरलेले क्षाररहित पाणी असते. तो तप्त निष्कास वायूत फवारला असता यूरियाचे अपघटन होऊन अमोनिया तयार होतो आणि उत्प्रेरकाच्या सान्निध्यात अमोनिया व नायट्रोजन ऑक्साइडे यांच्या विक्रियेने नायट्रोजन व पाण्याची वाफ ही निरुपद्रवी द्रव्ये बनतात. द्रवाची मात्रा इलेक्ट्रॉनीय नियंत्रक ठरवितो. त्यासाठी त्याला टाकीतील संवेदकाकडून व निष्कास नळीतील नायट्रोजन ऑक्साइड संवेदकांकडून माहिती मिळते.

टाकीतील आधुनिक संवेदक बहुधा श्राव्यातीत तरंगांवर चालतो. तरंग ठराविक अंतर तोडून परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून द्रवातील ध्वनिवेग कळतो. हा वेग यूरियाच्या संहतीबरोबर वाढतो, म्हणून त्यावरून संहती काढता येते. वेग तापमानावरही अवलंबून असल्याने त्याच शीर्षात तापमानमापक असतो. शोषण नळी, गाळणी व तापन वेटोळे हेही पुष्कळ यंत्रांत याच शीर्षात एकत्र असतात. त्यामुळे ते विनाकारण बदलणे फार महाग पडते.

सूचनांकांचा अर्थ : नियंत्रक दोष नोंदविताना दोन अंक देतो. पहिला कोणत्या राशीत दोष आहे हे सांगतो व दुसरा दोषाचा प्रकार. जे १९३९ या प्रचलित मानकात १७६१ हा अंक टाकीतील पातळीचा, ३०३१ तापमानाचा व ३५१६ संहतीचा आहे. दोषप्रकार ३ किंवा ४ असल्यास विद्युत् दाब अनुक्रमे जास्त किंवा कमी, ५ असल्यास मंडल खंडित आणि ९ असल्यास संदेश वेळेवर येत नाही असे समजतात. हे सर्व तारा, जोडणी वा संवेदक यांच्याकडे बोट दाखवितात. याउलट प्रकार १ किंवा १८ म्हणजे मापन ग्राह्य आहे, परंतु मूल्य नेहमीपेक्षा कमी आहे. ३५१६ सोबत १८ आला, तर संवेदक आपले काम करीत असून द्रव पातळ झाला असण्याचा संभव अधिक असतो. हा भेद न जाणल्यामुळे चांगले संवेदक फेकून दिले जातात व नव्या संवेदकावरही तीच सूचना पुन्हा येते.

तपासणीचा क्रम : (१) सूचनांक पुसण्यापूर्वी लिहून घ्यावेत व शेवटी द्रव केव्हा भरला ते विचारावे. भरताना उठलेले बुडबुडे तरंगांना अडथळा करतात व तात्पुरती चुकीची सूचना देतात. द्रव निवळल्यावर ती नाहीशी होते. (२) टाकीतील नमुना स्वच्छ काचपात्रात घ्यावा. तो रंगहीन व पारदर्शक असावा. पृष्ठावर तेलकट तवंग दिसल्यास डीझेल मिसळले असावे. प्रणमनांकमापकाने संहती पाहावी. ती ३१·८ ते ३३·२ टक्के या मर्यादेत असली पाहिजे. (३) यंत्र सपाट जागी उभे करून प्रत्यक्ष पातळी दर्शकाशी ताडून पाहावी. रात्रभर उभ्या असलेल्या यंत्रात द्रवाचे दर्शविलेले तापमान भोवतालच्या हवेच्या तापमानाजवळ असावे. (४) किल्ली बंद केल्यावर पंप नळ्यांतील द्रव मागे ओढून घेतो. ही क्रिया पूर्ण झाल्यावरच विद्युत् घटमाला तोडावी. नंतर जोडणीतील ओल, पांढरे स्फटिक व हिरवा गंज पाहावा. यूरिया विद्राव तांबे व पितळ यांना खातो आणि तारेच्या आवरणाखालून दूरवर झिरपतो. संदेशवाहक तारांच्या जोडीतील रोध सु. ६० ओहम असावा. तो १२० ओहम आढळल्यास दोन टोकांच्या रोधकांपैकी एक तुटलेला असतो. (५) हे सर्व निर्दोष ठरल्यावरच संवेदकास दोष द्यावा.

संवेदकाची मर्यादा : संवेदक संहती मोजतो, शुद्धता नव्हे. सातारा व सांगली हे ऊस पिकविणारे जिल्हे असल्यामुळे खताचा यूरिया गावोगावी सहज मिळतो व तो पाण्यात विरघळवून वापरण्याचा मोह होतो. देशातील खताच्या यूरियावर २०१५ पासून निंबतेलाचा लेप सक्तीचा आहे. शिवाय त्यातील बाययुरेट हे द्रव्य निष्कासद्रवाच्या ०·३ टक्के या मर्यादेपेक्षा जास्त असू शकते. असा विद्राव योग्य संहतीचा केला, तर संवेदक व प्रणमनांकमापक दोघेही तो ग्राह्य ठरवितात. मात्र फवारणीची तोटी चोंदते, उत्प्रेरक निकामी होत जातो आणि सूचना अखेरीस नायट्रोजन ऑक्साइड संवेदकाकडून येते. म्हणून संहती बरोबर असूनही उत्प्रेरकाची कार्यक्षमता घटल्याची सूचना येत असेल, तर द्रव कोठून आला याची चौकशी करणे आवश्यक ठरते.

पाचगणी परिसरातील स्थिती : वाईहून पसरणी घाट चढून सु. १,३०० मी. उंचीवरील पाचगणीस गेल्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सु. एक सप्तमांशाने कमी होतो, पण टाकीतील श्राव्यातीत मापनावर त्याचा उल्लेखनीय परिणाम होत नाही. द्रव −११° से. ला गोठतो, इतकी थंडी येथे पडत नाही. म्हणून थंड देशांतील पुस्तिकांत प्रथम सांगितलेला गोठण्याचा दोष येथे शेवटी विचारात घ्यावा. येथील खरी कारणे पावसाळ्यातील ओल, जांभ्याची बारीक धूळ व उताराच्या जागेवरील चुकीचे पातळीमापन ही होत. खाली सांगली-मिरज भागात उन्हाळ्यातील तापमान ४०° से. च्या आसपास जाते. २५° से. ला सु. १८ महिने टिकणारा द्रव ३५° से. ला सहा महिनेच टिकतो. पत्र्याच्या छपराखाली साठविलेले डबे घाटावर आणून वापरल्यास दोष घाटावर दिसतो, परंतु त्याचा उगम खाली असतो.

परिणाम : सूचनेकडे दुर्लक्ष केल्यास अनेक यंत्रांत नियंत्रक एंजिनाची शक्ती टप्प्याटप्प्याने कमी करतो. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली. अशा प्रसंगी ढिगारा उपसणारे यंत्र मंदावणे परवडत नाही. यावर उपाय म्हणून संवेदकाचे खोटे संदेश देणारे साधन जोडून यंत्रणा बंद पाडण्याची पद्धत मात्र चुकीची आहे. तीमुळे नायट्रोजन ऑक्साइडे मुक्तपणे बाहेर पडतात. ती श्वसनमार्गास अपायकारक असून सूर्यप्रकाशात ओझोननिर्मितीस कारण होतात. स्वच्छ हवेमुळे क्षयरोग्यांचे आश्रयस्थान ठरलेला व २००१ मध्ये संवेदनशील परिक्षेत्र म्हणून घोषित झालेला महाबळेश्वर-पाचगणी हा प्रदेश अशा प्रदूषणापासून जपणे विशेष अगत्याचे आहे. पावसाळ्यापूर्वी द्रवाची तपासणी व जोडण्यांची सफाई केल्यास यंत्र व हवा या दोहोंचे रक्षण अल्प खर्चात होते.