बिनतारी यंत्रावरील शिक्का आणि आतील आज्ञावली

वजनमापांवरील सरकारी शिक्क्याचे मोल व्यापारी बंधूंस सांगावयास नको. हुबळी-धारवाडच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या वायफाय राउटरलाही तशाच मान्यतेची गरज असते. ती केंद्रीय दूरसंचार खात्याच्या बिनतारी शाखेकडून मिळते. सन २००५ मध्ये २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्यावाचून खुला झाला. ग्राहक परवान्यातून सुटला. यंत्राची मान्यता मात्र राहिली, आणि प्रक्षेपणशक्तीस १ वॅटची कमाल मर्यादा पडली.

परंतु ही मर्यादा पुष्कळदा यंत्राच्या घडणीत नसून आतील आज्ञावलीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, असते. एकाच घडणीचे यंत्र देशाची नोंद बदलताच अमेरिकेत ११, तर युरोपात १३ वाहिन्या वापरते. सबब, पल्ला वाढविण्यासाठी कोणी आज्ञावली बदलली, तर शिक्का कायम राहतो आणि वजन मात्र खोटे ठरते. शेजाऱ्याच्या यंत्रात व्यत्यय येतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर हवामानाच्या रडारलाही तो पोहोचू शकतो.

म्हणून आम्ही सुचवितो की, खरेदीपूर्वी त्याच नमुन्याचे मान्यतापत्र मागावे, देशाची नोंद भारतच ठेवावी आणि सुधारित आज्ञावली उत्पादकाकडूनच घ्यावी. ग्राहकास आतले दिसत नाही. तो दुकानदाराच्या शब्दावर माल नेतो. त्या शब्दाची पत राखणे आपल्याच हाती आहे.